नववा रकाना

व्हिडिओ एक मिनिट अठरा सेकंदांचा आहे. अजून माझ्या फोनमध्ये जपून ठेवलाय. सुरुवातीला कमरेइतकं गवत, पावसाने चिंब. मग फोन धरणारा हात वळतो, एक मोठा फणस दिसतो, फणसामागे काजूची पाच-सहा झाडं, आणि कुठूनतरी पाण्याचा आवाज सतत येत राहतो. मध्येच जमीनमालक बोलतात, "बघा ताई, पाणी ऐकू येतंय की न्हाई?" येत होतं. जुलै २०२१ मध्ये, पुण्यातल्या भाड्याच्या घरात, रात्रपाळी करून आल्यावर डोळे मिटून मी ते पाणी ऐकत पडायची. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यातला पाऊस तसाच वाजतो. तिथं लहानाचं मोठं झालेल्या माणसाने तो आवाज ऐकल्यावर आणखी जमीन बघायची काय गरज, असं मला तेव्हा खरोखर वाटलं.

जाऊन बघणं सोपंही नव्हतं. महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरायचं तर निपाणीजवळ कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा रिपोर्ट दाखवावा लागे. मी एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम करते, त्या दिवसांत सुट्टीचं नाव काढायची सोय नव्हती. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. जमीन ओळखीतल्या ओळखीतून आली होती. मालक मराठी बोलणारे, आमच्याच बाजूचे, जांबोटी रस्त्याच्या आतल्या गावचे. क्षेत्र १ एकर १२ गुंठे. भाव ठरला ९ लाख. २ लाख संचकार, राहिलेले ७ लाख दरमहा २० हजारांप्रमाणे ३५ हप्त्यांत, बिनव्याजी, थेट मालकांच्या खात्यावर. शेवटचा हप्ता फिटला की खरेदीपत्र. (विसाराला आमच्याकडे संचकार म्हणतात आणि साठेखताला संचकारपत्र.) शेतजमीन घ्यायला माझ्यासारख्या पगारदार बाईला बँका सहसा कर्ज देत नाहीत, आणि ९ लाख एकरकमी माझ्याकडे कधी जमले नसते. मालकालाच सावकार करायचं, एवढीच वाट उरली होती.

त्या वाटेवर माझा विश्वास होता, तो आप्पांमुळे.

मी नऊ वर्षांची असताना आप्पांनी शेजारच्यांचं तीस गुंठे भातशेत असंच घेतलं होतं. सहा सुग्यांच्या हप्त्यांवर. मळणी झाली, भात विकलं की आप्पा मला बरोबर घेऊन शेजारच्या काकांच्या सोप्यात जायचे. नोटा मोजल्या जायच्या, काका त्या कोनाड्यात ठेवायचे, काकी मला गूळ द्यायच्या. कागद नव्हता. एका वर्षी पाऊस मध्येच उघडला आणि भात पोसलंच नाही. त्या वर्षी आप्पा मान खाली घालून गेले, तर काका म्हणाले, "पुढच्या सुगीला दे की, मी कुठं जाऊलाय?" सहाव्या सुगीनंतर दोघं एकाच बसने खानापूरला गेले आणि सब-रजिस्ट्रार कचेरीत खरेदी करून आले. त्या सहा वर्षांतली रोपलावण मी आईबरोबर केलीय. पायाच्या बोटांतल्या चिखल्या आठवतात. त्या तीस गुंठ्यांच्या हप्त्यांत थोडा वाटा माझाही होता, असं मी मनात धरून आहे.

पुण्यात बसून २० हजारांचा पहिला हप्ता पाठवताना माझ्या डोळ्यांसमोर तो सोपा होता. एक गोष्ट मात्र मी नीट पाहिली नव्हती. आप्पा ज्या शेताचे पैसे भरत होते ते आमच्या परड्यातून दिसायचं. ज्यांना भरत होते ते काका रोज सकाळी बांधावर भेटायचे. कागद नव्हता, कारण बाकी सगळं समोर होतं. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं आणि तरी मी आप्पांइतकाच कागद केला होता. स्टँप पेपरवर दोन पानं, नोटरीचा शिक्का. तीही कन्नडमध्ये.

एप्रिल २०२२ मध्ये, आठ हप्ते भरून झाल्यावर, मी पहिल्यांदा जमिनीवर गेले.

खानापूरच्या पुलाखाली मलप्रभा बारीक झालेली. बसमधून उतरल्यावर मालक न्यायला आले होते. साठीचे, सडसडीत, माझी पिशवी हातातून काढून घेणारे. आम्ही चालत निघालो. आधी एकाच्या शेताच्या बांधावरून, मग दुसऱ्याच्या काजूच्या बागेतून. तिथं नव्या तारेचं कुंपण होतं. मालकांनी खालची तार पायाने दाबली, वरची हाताने उचलली आणि म्हणाले, "या, वाकून या." मी वाकून गेले. पलीकडे गेल्यावर विचारलं, "अण्णा, रस्ता कुठला आपला?"

"रस्ता म्हणजे काय, सगळे असंच जातात की."

गवत नव्हतं. जुलैत जिथं कमरेइतकं हिरवं दिसलं होतं तिथं जांभ्याचा काळपट कातळ पसरला होता. त्यावर जेमतेम चार बोटं माती, आणि त्या मातीत पावसाळ्यापुरतं गवत येत असणार. पाण्याचा आवाज एका ओढ्याचा होता. तो आता वाळक्या पानांनी भरलेला. मी त्यात उतरून उभी राहिले, तर पानं कुरकुरली. व्हिडिओ खोटा नव्हता. तो जुलैतला होता, इतकंच. आमच्या भागात जमीन एप्रिल-मेमध्ये बघावी असं जुनी माणसं सांगतात. तेव्हा तिच्या अंगावर काही नसतं. कातळ किती, माती किती, विहिरीला पाणी किती, वणवा कुठवर येतो, गवे कुठून उतरतात, ते तेव्हाच कळतं.

पण पूर्वेच्या अंगाला, फणसापासून खाली, माती होती. तांबडी, भुसभुशीत, उन्हातही आत ओल धरलेली. मी मूठभर उचलली. फणस बुंध्यापासून लगडला होता. मला ती जमीन आवडली, हे इथं लिहायलाच हवं. कातळ बघून, कुंपणातून वाकून आल्यावरही आवडली. आवडली नसती तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

त्या रात्री मी माहेरी राहिले. मोठ्या भावाचा मुलगा तेव्हा आठवीत होता, कन्नड माध्यमात. मी मराठी शाळेत शिकले. कन्नड विषय होता, अक्षरं जुळवून वाचता येतं, पण कचेरीतलं कन्नड माझ्याने पेलत नाही. मालकांनी नऊ महिन्यांपूर्वी उताऱ्याचा फोटो पाठवला होता. तो आला, मी सर्व्हे नंबर जुळतोय एवढं पाहिलं आणि ठेवून दिला. आता सोप्यात दिव्याखाली बसून मी फोन भाच्याच्या हातात दिला. म्हटलं, "वाच बघू, आत्याला समजेल असं."

उतारा म्हणजे आरटीसी. कन्नडमध्ये पहणी. एकाच पानावर जमिनीची सगळी कुंडली असते. भाचा बोट फिरवत वाचू लागला. "एकूण १ एकर १२ गुंठे. आत्या, ह्यातलं १३ गुंठे खराब लिहिलंय." पोटखराबा. उताऱ्यावर त्याचे दोन प्रकार दाखवतात. 'अ' म्हणजे लागवडीला नालायक, 'ब' म्हणजे ओढा, वाट अशी सार्वजनिक कामाची जागा. ५२ गुंठ्यांतले १३ गेले, राहिले ३९. मी ५२ चे पैसे ठरवले होते. अकराव्या रकान्यात सोसायटीचा बोजा होता, पीककर्जाचा. आणि नवव्या रकान्यात, जिथं मालकाचं नाव असतं, तिथं तो थांबला.

"आत्या, चार नावं आहेत."

आईचं, दोन भावांचं, आणि शेवटी एका बाईचं. पुढे तिच्या नवऱ्याचं नाव. वडील गेल्यावर वारसा लागताना सगळ्या वारसांची नावं चढतात, तशी ही चढली होती. माझे मालक त्यातले थोरले. आई पुढे वारली होती, नाव तसंच राहिलं होतं. ते चौथं नाव माझ्या फोनमध्ये नऊ महिने होतं. मी आठ हप्ते भरले, प्रत्येक हप्त्याला त्या फोटोच्या खाली "पैसे पाठवले" असा निरोप टाकला, आणि त्या बाईचं नाव माझ्या प्रत्येक निरोपाच्या वर तसंच उभं होतं.

माझा भाऊ पलंगावर पडून ऐकत होता. तो म्हणाला, "बहीण हाय नव्हं, देईल की सही. तिचं काय, ती आपलीच हाय."

तो चांगला माणूस आहे. त्याने ते सहज म्हटलं. मी फोन बंद केला आणि अंगणात गेले.

१९९८ मध्ये मला हेच वाक्य सांगून खानापूरला नेलं होतं. आप्पा आदल्या वर्षी गेले होते. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. कचेरीच्या आवारात चिंचेखाली बसून मी हक्कसोडपत्रावर सही केली. कागद कन्नडमध्ये, सही मराठीत. कुणी वाचून दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारणं म्हणजे भावांवर संशय घेणं, असं वाटत होतं. घरी आल्यावर वहिनीने हिरवी साडी आणि खणाची चोळी देऊन ओटी भरली. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. बाप मृत्युपत्र न करता गेला तर त्याने कमावलेल्या जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे तेव्हाच बेचाळीस वर्षं जुनं झालं होतं. वडिलोपार्जित जमिनीतही कर्नाटकाने १९९४ मध्येच मुलींना जन्मतः हक्क दिला होता, देशभर तो व्हायला २००५ उजाडलं. हे सगळं मी चाळिशीत वाचलं. ज्या तीस गुंठ्यांत मी रोपं लावली, त्यातला माझा वाटा मी एका दुपारी सोडून दिला होता.

त्या सहीने आणखी एक गोष्ट झाली, ती मला जमीन शोधायला लागल्यावर कळली. माझं नाव कुठल्याच उताऱ्यावर राहिलं नाही, म्हणजे कायद्याच्या लेखी मी शेतकरी उरले नाही. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची तर सरकारी परवानगी लागते. कर्नाटकातही भूसुधारणा कायद्याची ७९ अ आणि ७९ ब ही कलमं तसंच सांगत होती. शेतीबाहेरचं उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे असेल तर नाही, स्वतः कसत नसाल तर नाही. २०२० मध्ये ती कलमं काढून टाकली. शेतकरी संघटनांनी विरोध केला, की पैसेवाले येऊन जमिनी गिळतील. तो विरोध मला आजही पटतो. मी ज्या तारेखालून वाकून गेले ती तार अशाच बाहेरच्या खरेदीदाराची होती. पण तेच दार उघडलं म्हणून मलाही आत येता आलं. या दोन गोष्टींचा मेळ मला घालता आलेला नाही.

दुसऱ्या दिवशी बेळगावला एका वकिलांकडे गेले. त्यांनी संचकारपत्र उलटसुलट पाहिलं आणि आधी चहा मागवला. मग जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. ज्यांना अशी जमीन घ्यायची आहे त्यांच्या उपयोगी पडेल.

विक्रीचा करार म्हणजे विक्री नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५४ वं कलम स्वच्छ सांगतं, की करारनाम्याने जमिनीत कुठलाच हक्क तयार होत नाही. २०११ मध्ये सूरज लँप प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सांगून टाकलं, की मुखत्यारपत्रं आणि करारनामे यांनी मालकी जात नाही, त्याला नोंदणी झालेलं खरेदीपत्रच लागतं. म्हणजे पस्तीसावा हप्ता भरेपर्यंत, तीन वर्षं, मी कोणीच नव्हते. समोरच्याने खरेदी द्यायला नकार दिला, तर दाव्याची मुदत तीन वर्षं. ती ठरलेल्या तारखेपासून मोजतात, आणि तारीख ठरली नसेल तर नकार कळल्यापासून. माझ्या कागदावर तारीखच नव्हती. हप्ता थांबवला तर करार मी मोडला असं ते म्हणणार, कारण कोर्टात जाणाऱ्याला आपण आपला भाग पुरा करायला तयार होतो हे दाखवावं लागतं. भरत राहिले तर पैसा अजून अडकणार. वकिलांनी मधली वाट सुचवली. हप्त्याचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, आणि सगळे हिस्सेदार सहीला येतील त्या दिवशी द्यायला मी तयार आहे, असं लेखी कळवा.

"तुम्ही उलटं करायला हवं होतं," ते म्हणाले. "खरेदी आधी, हप्ते नंतर. खरेदीपत्रातच लिहायचं, एवढी रक्कम दिली, एवढी बाकी, अशी फेडायची. मालकी तुमच्याकडे येते, आणि बाकी रकमेपुरता त्या जमिनीवर मालकाचा बोजा राहतो. ५५ वं कलम त्याचं रक्षण करतं, तुमचंही करतं." मालक त्याला तयार होत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. तयार नसेल तर निदान करारनामा नोंदवून घ्यायचा, म्हणजे ऋणभार प्रमाणपत्रात, जमिनीच्या नोंदलेल्या व्यवहारांच्या यादीत, तो दिसतो आणि तीच जमीन दुसऱ्याला गळ्यात घालणं अवघड होतं.

हे प्रमाणपत्र आणि उतारा दोन्ही मला पुण्यात बसून पाहता आलं असतं. कर्नाटकात भूमी योजनेत उतारे दोन दशकांपूर्वीच संगणकावर आले, नोंदणीचं काम कावेरी नावाच्या व्यवस्थेत चालतं. जमीन न बघता घेण्याला माझ्याकडे कारण होतं. ती न वाचता घेण्याला नव्हतं.

माझी भाची, बहिणीची मुलगी, टेक्सासमध्ये असते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, इथं तर हा धंदाच आहे." ओनर फायनान्सिंग म्हणतात. वाळवंटातले, माळरानातले एकरा-दोन एकरांचे तुकडे फोटोवर विकतात. बँक नको, चौकशी नको, थोडे पैसे आधी द्या, बाकी दरमहा मालकाला. एका प्रकारच्या करारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याकडेच राहते, त्याला तिथं काँट्रॅक्ट फॉर डीड म्हणतात. घेणारा कधी जाऊन बघतो तर वाट नसते, पाणी नसतं, मैला जिरवायला जमीन योग्य नसते. मेक्सिकोच्या सीमेलगत स्पॅनिश बोलणाऱ्या गरीब कुटुंबांनी अशाच करारांवर तुकडे घेतले. पाणी आणि गटार नसलेल्या त्या वस्त्यांना कोलोनिया म्हणतात. एखादा हप्ता चुकला की भरलेलं सगळं जायचं. मग १९९५ मध्ये टेक्सासने सीमेवरच्या अशा व्यवहारांसाठी कायदा कडक केला. आणि तिथल्या कायद्यात एक कलम असंही आहे, की करारापूर्वीची बोलणी प्रामुख्याने इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत झाली असतील, तर विकणाऱ्याने सगळ्या कागदांची प्रत त्या भाषेत द्यायची.

हे वाक्य मी तिला दोनदा सांगायला लावलं. आमच्या सीमाभागात मराठीतून कागदपत्रं मिळावीत ही मागणी मी जन्मल्यापासून ऐकते आहे. मोर्चे पाहिलेत, नोव्हेंबरच्या १ तारखेला बंद दुकानं पाहिलीत. त्या मागणीकडे मी नेहमी अस्मितेची गोष्ट म्हणून पाहिलं. भाच्याचं बोट नवव्या रकान्यावर थांबलं तेव्हा ती मला पोटाची गोष्ट वाटली. माझा कन्नडवर राग नाही, भाचा कन्नड शिकला म्हणूनच मला कळलं. पण मालक आणि मी सगळं मराठीत बोललो होतो. भाव, हप्ता, पाणी, झाडं, सगळं. आणि सही मात्र अशा कागदावर केली जो माझ्यासाठी अर्धा मुका होता. १९९८ मध्येही तेच, २०२१ मध्येही तेच.

मालकांना पत्र गेल्यावर त्यांनी फोन उचलणं बंद केलं. मला राग आला होता, पण ते लबाड होते असं मी म्हणणार नाही. पैसे मुलाच्या लग्नात गेले होते. बहिणीला विचारायचं असतं हे त्यांच्या मनातच नव्हतं. माझ्या भावांच्या मनात तरी कुठं होतं?

मग मीच तिच्याकडे गेले. जूनचा पहिला आठवडा, मिरग तोंडावर आलेला. तिला चंदगड तालुक्यात दिली होती, म्हणजे राज्याच्या हद्दीपलीकडे. शिनोळीवरून पुढे दोन बस बदलून गेले. अंगणात धूळवाफेचं बियाणं पाखडत बसली होती. साठीला टेकलेली बाई, नाक भावासारखं. मी कोण, कशाला आले, ते सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"किती दिल्यात त्येला?"

"तीन लाख साठ हजार."

ती पाखडत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मला कुणी सांगितलं बी न्हाई." मग आत जाऊन पाणी आणि गुळाचा खडा घेऊन आली, आणि समोर बसून सरळ माझ्याकडे बघत विचारलं, "तुमची झाली काय माहेरात सही?"

"झाली."

"काय दिलं?"

"साडी."

"कसल्या रंगाची?"

मी हिरवी म्हटलं. ती हसली नाही, हळहळलीही नाही. तिने नुसती मान हलवली, जणू तिला तो रंग ठाऊकच होता. मला वाटलं होतं मी तिला समजवायला आले आहे. पैशांची अडचण, कायदा, तिचा तिसरा हिस्सा, सगळं पाठ करून आले होते. त्यातलं एकही वाक्य माझ्या तोंडून निघेना. सही द्या, असं मी तिला कसल्या तोंडाने म्हणणार होते? चोवीस वर्षं मी मनात त्याच सहीला बोल लावत आले होते, आणि आता तीच सही दुसऱ्या बाईकडून मागायला दोन बस बदलून आले होते.

उठताना मी म्हटलं, "ताई, सही करू नका. आधी कागद कुणाकडून तरी वाचून घ्या."

तिने मला बसवलं. म्हणाली, "पैसे नको मला. त्यो फणस बाबांनी लावलेला. म्या पाणी घातलंय त्येला, ओढ्यातनं कळशीनं. तेवढा माझ्याकडं राहिला पायजे."

पुढचं सहा महिन्यांचं रडगाणं मी गाळते. दोघे भाऊ आधी रागावले, मग बोलू लागले. आईचं नाव कमी झालं, सोसायटीचा बोजा फिटला, ३९ गुंठ्यांचे तीन वाटे पडले, १३-१३ गुंठ्यांचे. फणसाकडचे १३ बहिणीचे, भावांचे २६ माझे. भाव नव्याने ठरला आणि माझे उरलेले हप्ते सातांवर आले. सर्व्हे नंबराचा तुकडा विकायचा तर आमच्याकडे आधी अकरा ई नकाशा काढावा लागतो, सरकारी मोजणीचा. त्याशिवाय नोंदणी होत नाही. नकाशा आल्यावर एक नवी गोष्ट उघडी पडली. गाडीरस्त्याला लागून होता तो फक्त फणसाकडचा तुकडा, खालच्या अंगाने. माझ्या जमिनीवर जायची वाट आता तिच्या जमिनीतून होती. तिने दहा फूट वाट दिली, वाटणीपत्रात लिहून. त्याचे पैसे विचारले तर म्हणाली, "फणस उतरायच्या टायमाला माणूस लागतंय. तुमी या."

वाटणीपत्र आणि खरेदीपत्र दोन्ही कन्नडमध्ये झाली, पण मी बेळगावातल्या एका निवृत्त गुरुजींकडून त्यांचं मराठी करून घेतलं. सहीच्या आदल्या दिवशी मालकांच्या घरी ते मोठ्याने वाचून दाखवलं. तिन्ही भावंडं ऐकत होती. धाकट्याने मध्येच विचारलं, "म्हंजे ही जागा तिचीच झाली न्हवं, कायमची?" गुरुजी हो म्हणाले. तो गप्प बसला.

खरेदीनंतर नावं चढायला वेळ गेला. पुढच्या उन्हाळ्यात हद्दीचे दगड रोवायला आम्ही सगळे जमिनीवर जमलो. ती चंदगडहून सकाळच्या बसने आली, डबा घेऊन. दगड रोवून झाल्यावर पुरुष ओढ्याच्या बाजूला बिड्या ओढायला गेले. ती फणसाखाली बसली आणि पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये घडी घातलेला कागद काढला. नाड कचेरीतून, म्हणजे तिथल्या महसूल कचेरीतून, काढलेला तिच्या १३ गुंठ्यांचा उतारा. तो तिने माझ्यापुढे धरला.

"माझं नाव कुठं हाय ह्यात?"

मी नवव्या रकान्यावर बोट ठेवलं. तिने माझं बोट बाजूला केलं आणि तिथं स्वतःचं ठेवलं. म्हणाली, "वाचा."

मी अक्षरं जुळवत वाचलं. आधी तिचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव.

"परत एकदा," ती म्हणाली, "सावकाश."